माझ्या डाव्या पायाचा दहावा

मच्छे, तालुका बेळगाव
वैशाख वद्य पंचमी, शके १८४२

तीर्थस्वरूप रवळूदाजी यांच्या सेवेशी, मच्छेहून आपला धाकटा मेहुणा भावकू याचा साडेसात अंगांचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो. पण आठ अंगांत दोन्ही पाय मिळून एक अंग धरतात, आणि त्यातलं अर्धं मी बसऱ्याच्या पुढं लढाईत ठेवून आलोय हे आपण जाणताच. थोरामोठ्यांना लिहिताना फुगवून लिहू नये.) आपली तब्येत कशी आहे? गुंजी स्टेशनात सांधे बदलताना दांडा ओढला की आपली कंबर धरते असं यशोदाआक्का मागं म्हणाली होती. ती एव्हाना सुटली असेल अशी आशा आहे. आक्काचा खोकला गेला का? आणि ती काळी म्हैस आता आपल्याला जवळ येऊ देते, की अजून एकट्या आक्कालाच ओळखते? आमच्याकडं सगळी माणसं धडधाकट आहेत. हे वाक्य मी मुद्दाम ठळक काढलंय, कारण पुढचा सगळा मजकूर त्याच्यावरच उभा आहे.

आपला निरोप पोचला. खानापूरच्या बाजारात आपल्याला कुणीतरी सांगितलं की मच्छेला भावकूच्या घरी दहावा झाला. आपण ते घरी येऊन सांगितलं, आणि आक्कानं कोण गेलं हे न विचारताच डोक्यावरनं पाणी घेतलं. मग आधी आईच्या नावानं रडली, मग माझ्या नावानं रडली, आणि शेवटी दोघांच्या नावानं एकदमच. आपण ड्यूटी बदलून घेतली, आणि वर विचारलंत की मयत झालं तर लेकीला खबर द्यायची रीत मच्छेत आहे की बुडाली. दाजी, आपला राग शंभर टक्के रास्त आहे. पण कुणी मेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. आज सकाळपासून तिनं तिघांना झापलंय, त्यातला पहिला मी. दहावा झाला हे मात्र खरं. तो माझ्या डाव्या पायाचा झाला. आता आपण कपाळाला हात लावला असेल. लावलेला तसाच ठेवा आणि पुढं वाचा.

पाय तुटला त्याला तीन वर्षं होऊन गेली, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण पाय तुटला ही बातमी माझ्या पायाला कुणी दिली नाही. गुडघ्याच्या खाली वीतभर टोक सोडलं तर काही नाही, लुगड्याचा पदर सरकावा तशी धोतराची निरी नुसती लोंबते, आणि तरीही माझा डावा अंगठा खाजतो. नुसता अंगठा नव्हे, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधली बेचकी. कधी वाटतं बूट घट्ट झालाय, कधी वाटतं बोटं मुडपून बसलीत आणि कुणी ती सरळ करू देत नाही. बरं, खाजवावं म्हटलं तर काय खाजवणार? घोंगडं? (तेही करून पाहिलं. घोंगड्याला बरं वाटलं असेल.) शिवाय पाय आहे असं शरीर धरूनच चालतं. चैत्रात पाटील पुढच्या सोप्यात आले म्हणून मी आदरानं चटकन उठलो, डोक्यानं दोन्ही पायांना हुकूम सोडला, एकानंच पाळला, आणि मी पाटलांच्या मांडीत जाऊन बसलो. पाटील भला माणूस. म्हणाले, भावकू, एवढा मान नको.

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण गोष्ट पेरणीची आहे. पुण्याला लाकडी पाय तयार होतात आणि बेळगावच्या पलटणीच्या इस्पितळातून माझं माप तिकडं गेलेलं होतं. पण खाज उठली की त्या टोकाला पट्टा तर सोडाच, धोतराचा काठसुद्धा सोसवत नाही. आणि लाकडी पायाशिवाय मी शेतात काय करू? आपण शेतकऱ्याच्या पोटचे आहात, आपल्याला सांगायला नको: रोहिणीत धूळवाफेवर, कोरड्या मातीत, भात पेरायची कुरी चालते तेव्हा एक हात बैलांच्या कासऱ्याला लागतो आणि एक हात चाड्यावर, मुठीतलं बी सोडायला. काखेत कुबडी धरायला तिसरा हात कुठला? तीन रोहिण्या मी बांधावर बसून काढल्या, आणि माझ्या शेताच्या चाड्यावर दुसऱ्याची मूठ बघितली. दरवर्षी बी चांगलंच उगवलं, हे तर आणखीच वाईट. आपल्यावाचून काही अडत नाही हे माणसानं म्हातारपणी शिकावं; मी तिशीतच शिकत बसलो होतो. यंदा काही झालं तरी माझी मूठ चाड्यावर पडली पाहिजे, एवढं एकच मनात होतं. म्हणून मी बेळगावला इस्पितळात गेलो.

तिथले मोठे डॉक्टर पुण्याकडचे, मराठी बोलणारे, बोलता बोलता चष्मा कपाळावर चढवणारे. त्यांनी मला उंच बाकड्यावर बसवलं आणि रबराची एक इवलीशी हातोडी काढून माझ्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली टक्क केलं. दाजी, देवाशपथ, मी काही केलं नाही. पाय आपला आपण उडाला आणि साहेबांच्या स्टुलावरची दौत थेट भिंतीला. मी पटकन खाली उतरून माफी मागणार, तोवर साहेब खूश! म्हणाले, छान, फारच छान. (पलटणीत साहेबाच्या दौतीला लाथ मारून शाबासकी मिळवलेला मी एकटाच असेन.) मग त्यांनी डाव्या गुडघ्याला टक्क केलं. त्यानंही इमानदारीत लाथ मारली, पण लाथेला पायच नसल्यामुळे दुसरी दौत वाचली.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी आपल्याला आपल्या भाषेत सांगतो, कारण हा सगळा कारभार तुमच्या रेल्वेसारखाच निघाला. अंगभर कातडीखाली बारीक तंतू आहेत, त्यांना मज्जातंतू म्हणतात. टोचलं, भाजलं, खाजलं की त्यांच्यातून तार सुटते, ती पाठीच्या कण्यातल्या जाड दोरीत शिरते आणि वर मेंदूत जाते. मेंदू म्हणजे हेडऑफिस. तिथं प्रत्येक तारेची जागा ठरलेली: ही अंगठ्याची, ही कानाच्या पाळीची. हुकूम परत खाली येतो तो दुसऱ्या तारांनी. पण सगळ्याच गोष्टी हेडऑफिसला विचारून होत नाहीत. तव्याला बोट लागलं तर हात आधी मागं येतो आणि मग डोक्याला कळतं; कण्यातल्या मधल्याच स्टेशनात हुकूम सुटलेला असतो. ती गुडघ्याची लाथही त्याच खात्यातली. हे ऐकून मला आमची पलटण आठवली. आमच्याकडं तवा तापलेला सगळ्यांना दिसत होता, तरी हुकूम वरून येईपर्यंत बोट काढायचं नव्हतं.

मी विचारलं, हे सगळं खरं, पण जो अंगठा नाहीच तो खाजतो कसा? साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. आता हे नीट वाचा, कारण यात आपलं गाव येतं. समजा गुंजीहून बेळगावला तार आहे. समजा गुंजी स्टेशन कुणी उचलून नेलं. (घाबरू नका, समजा म्हटलंय, आपली नोकरी शाबूत आहे.) पण तारेचं तुटकं टोक खानापुरात लोंबतंय आणि वाऱ्यानं हलून कट्टकट्ट करतंय. बेळगावचा तारमास्तर काय म्हणेल? म्हणेल, गुंजीहून तार आली. ती तार आजवर गुंजीचीच होती, आणि गुंजी आता नाही हे त्याला सांगणार कोण? तसं माझ्या टोकाशी तुटलेले तंतू कट्टकट्ट करतात आणि डोकं म्हणतं, अंगठा खाजला. मला हे इतकं पटलं की खाज आहे तशी असूनही मी आनंदानं घरी आलो. औषध काय, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

घरी आल्यावर मी हे सगळं मनूला सांगितलं. आपली मेहुणी, खरं म्हणजे आपल्या मेहुण्याची बायको, फार शहाणी आहे. तार, मास्तर, हेडऑफिस सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग जागा दाखवा, खाजवून बघते. दुपारची जेवणं झाली होती. मी सोप्यात घोंगड्यावर पाय, म्हणजे पाऊण पाय, पसरून बसलो, आणि जिथं अंगठा असायला पाहिजे तिथं तिनं मोकळं घोंगडं खाजवायला घेतलं. मी म्हणतोय, जरा वर, डावीकडं, हां, बेचकीत. आणि ती मन लावून हवेत बोटं फिरवतेय. खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटत होतं. नेमकी तेवढ्यात शेजारची मालुबाई विस्तव मागायला आली. तिनं हे दारातनं बघितलं, विस्तव न घेताच माघारी वळली, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या मच्छेला कळलं की भावकूचा मेलेला पाय घरी आलाय आणि मनुबाई त्याची सेवा करतेय.

आईच्या मनात ते पक्कं बसलं. तिचं म्हणणंही ऐका, म्हणजे आपल्याला वाटणार नाही की ती उगाच घाबरली. पाय मेला, हे सगळ्यांना मान्य. परमुलखात मेला, अग्नी नाही, पाणी नाही, तीळ नाही, पिंड नाही. मग तो अतृप्त राहील नाहीतर काय करील? त्यात मालुबाईनं आईजवळ येऊन तेल ओतलं: "व्हय गं जयाबाई, तुमी त्येच्यावर लाकडाची सवत आनाय लागलाय, मग त्यो गप बसंल व्हय?" मी तारमास्तराची गोष्ट आईला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा तिनं शांतपणे ऐकली आणि दोन्ही वेळा एकच विचारलं, त्या तारमास्तराचा दहावा झाला होता का. शेवटी मी हार मानली. म्हटलं, झाला तर झाला. डॉक्टरांनी औषध दिलेलं नाहीच, तेव्हा भटजींचं घेऊन बघू.

जोशीबुवांपुढं असलं प्रकरण आधी कधी आलं नव्हतं, त्यामुळं ते भलतेच फुलले. पहिला प्रश्न सुतकाचा. माणसाचं सुतक दहा दिवस. पाय म्हणजे माणसाचा आठवा भाग. (एक पाय म्हणजे अर्धंच अंग, असं मी म्हटलं, तर बुवा म्हणाले, सुतकात अर्धं धरत नाहीत.) म्हणजे सव्वा दिवस, सुतकाचा एकेक दिवस तीन तासांचा. तेव्हा आज सूर्योदयाला पाय गेला असं धरलं तर उद्या न्याहारीच्या वेळेला दहावा. दुसरा प्रश्न, मयताचं नाव काय? ते वामपाद असं ठरलं. गोत्र माझंच, कारण पाय काही दत्तक दिलेला नव्हता. मालुबाईला काळजी पडली की एकटा पाय वैतरणी ओलांडणार कसा. त्यावर बुवा म्हणाले, लंगडी घालत. तिसरा प्रश्न मात्र जिवावरचा निघाला. क्षौर कुणी करायचं? जवळच्या नातलगानं डोकं आणि मिशी उतरवायची, आणि पायाला माझ्यापेक्षा जवळचा कोण? दाजी, माझी मिशी आपण पाहिलीय. तिला आमच्या सुभेदारांनी सगळ्या कंपनीसमोर नावाजलंय. मी काही बोलायच्या आत मनू आतून बाहेर आली आणि म्हणाली, "पाय ग्येला त्यो ग्येला, मिशी जानार न्हाय." बुवांनी पंचांगावर बोटं नाचवली, बराच वेळ डोळे मिटले आणि निवाडा दिला: डाव्या पायाचा सख्खा, जुळा, एकाच पोटातून एकाच घटकेला जन्मलेला भाऊ म्हणजे उजवा पाय. क्षौर त्याचं. मी बुवांच्या पाया पडलो. (उरलेल्या पायानं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्याकाठी गेलो. वाटेत चार माणसं होती, तळ्यावर पोचेपर्यंत चाळीस झाली, कारण पायाचा दहावा कुणी बघितलेला नव्हता. बुवांनी भाताचा पिंड मांडला, त्यावर दही घातलं, आणि सगळे मागं सरून कावळ्याची वाट बघत राहिले. आंब्यावर दहाबारा कावळे होते. त्यांनी पिंडाकडं बघितलं, एकमेकांकडं बघितलं, आणि पंख साफ करायला घेतले. बुवा म्हणाले, मयताची काही इच्छा राहिलीय, वचन द्या. आता पायाची काय इच्छा असणार? मनूनं वचन दिलं की उजव्या पायाला जपेन. कावळा हलला नाही. मालुबाईनं वचन दिलं की दर दसऱ्याला पायाच्या नावानं जिलबी वाटीन, त्याला फार आवडायची. (पायाला जिलबी! जिभेची तार अंगठ्याला कुणी जोडली?) कावळा हलला नाही. मग मी पुढं होऊन म्हटलं, पुन्हा पलटणीत जाणार नाही. तेव्हा एक कावळा खालच्या फांदीवर आला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि परत वर गेला. एका पायाच्या माणसानं हे वचन देण्यात काही मोठेपणा नाही, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं.

इकडं ऊन चढायला लागलं म्हणून परशराम न्हाव्यानं क्षौराला सुरुवात केली. परशरामचा धंद्याचा एक नेम आहे: गिऱ्हाइकापुढं आरसा मांडल्याशिवाय तो वस्तऱ्याला हात लावत नाही. त्याच्याकडं हातभर लांबीचा आरसा आहे, कँपातल्या कुठल्याशा साहेबानं जाताना दिलेला. आता इथं गिऱ्हाईक म्हणजे उजवा पाय. तेव्हा त्यानं आरसा आडवा करून दोन्ही पायांच्या मधे माझ्या डाव्या टोकाला टेकवला, आरशाचं तोंड उजव्या पायाकडं. मी हसू दाबत खाली बघितलं, आणि दाजी, माझं हसू तिथंच थांबलं. मला दोन पाय होते. शेजारी शेजारी, धुतलेले, बोटं सरळ. मी उजवा अंगठा हलवला, दोन्ही हलले. तीन वर्षांनी मी माझा डावा पाय बघत होतो, आणि मला लाज न बाळगता सांगायचंय की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. परशरामला वाटलं वस्तरा लागला. त्यानं घाईघाईनं ओली तुरटी घेऊन उजव्या पायाच्या बेचकीत फिरवली, आरशातल्या पायाच्या बेचकीतही फिरली, आणि तो गारवा मला डावीकडं लागला. खाज गेली. तीन वर्षांची खाज, दिवा फुंकावा तशी गेली.

मी ओरडणार, गेली! एवढ्यात चाळीस माणसं माझ्या आधी ओरडली, शिवला! झालं होतं असं की बुवांचं लक्ष जेवणाकडं लागलं होतं आणि ते दर्भाचा कावळा वळायला बसले होते. ते बघून आई पुढं झाली. पदर खोचला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, तुज्या जाग्यावर लाकडाचा पाय ह्या घराच्या उंबऱ्याच्या आत यिऊ देनार न्हाय. जा आता." आणि थोरला कावळा सरळ उतरला आणि पिंडावर चोच मारून गेला. सगळ्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. माझ्या तोंडावर खाज गेल्याचा आनंद मावत नव्हता. तेव्हा गावाला दोन्ही बाजूंनी पुरावा मिळाला: तिकडं वचन, इकडं गुण. मालुबाई आईच्या गळ्यात पडून रडली. बुवा पोटभर जेवले. आणि मला जेवता जेवता हळूहळू उमगत गेलं की ज्या लाकडी पायासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच माझ्या आईनं चाळीस माणसांदेखत घरबंदी केली.

पुढं दोनदा खाज उठली. दोन्ही वेळा मी परशराम बसतो त्या झाडाखाली जाऊन आरसा लावला आणि उजवा अंगठा खाजवला, दोन्ही वेळा ती गेली. आसपास कावळा नव्हता, हे मी मुद्दाम बघून घेतलं. मग बेळगावला जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. आधी ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, विशेषतः सव्वा दिवसाला. मग वही काढली आणि आरसा कसा, किती तिरपा, कुठं टेकवला हे सगळं लिहून घेतलं. म्हणाले, माझ्या कुठल्या पुस्तकात हे नाही. पण डोळे हे मेंदूचे फार लाडके, त्यांनी पाय बघितला असं सांगितलं की तो खालच्या तुटक्या तारेचं ऐकत नसावा. इतरांना गुण येईल की नाही ठाऊक नाही, तुला आलाय तर करत राहा. वर म्हणाले, आता पट्टा सोसेल, पुण्याहून पाय तयार झाल्याचं पत्र आलंय, कुठं पाठवू? मी पत्ता दिला आणि आलो.

तर अशी हकीगत आहे. आपल्याला आणि आक्काला बोलावलं नाही याचं कारण एवढंच की सव्वा दिवसाच्या सुतकात गुंजीला निरोप जाऊन माणूस येईपर्यंत वर्षश्राद्धच उजाडलं असतं. राग मानू नये. आक्काला सांगावं की डोक्यावरनं घेतलेलं पाणी फुकट गेलं नाही, उन्हाळ्याचे दिवस आहेत. म्हशीलाही माझा नमस्कार सांगावा, तिचा मान साष्टांग.

आपला, उजवा पाय गुळगुळीत असलेला मेहुणा,
भावकू

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहायला घेतलं होतं, मजकुराच्या भरात राहून गेलं. डॉक्टरांना मी जो पत्ता दिला तो आपला दिला. येत्या आठवड्यात गुंजी स्टेशनावर आपल्या नावानं एक लांबट पार्सल उतरेल. त्यात माझा पाय आहे. देसूर स्टेशन आम्हाला जवळ हे मलाही कळतं, पण तिथल्या हमालखान्यात मालुबाईचा भाऊ आहे, आणि पायाच्या आधी बातमी घरी आली असती. तेव्हा तो पाय बिचारा आमच्या गावाच्या बाजूनं शिट्टी वाजवत पुढं गुंजीला जाईल आणि आपण तो माघारी आणावा. आक्काला घेऊन दुखवट्याला म्हणून या. दुखवट्याला आलेल्या माणसाच्या गाठोड्यात काय आहे हे कुणी विचारत नाही. पण रोहिणीच्या आत या दाजी, पाया पडतो. ही चौथी रोहिणी आहे.

ता. क. दुसरा. वचनाची काळजी करू नये. मनूनं तोड काढली आहे. आई म्हणाली आहे उंबऱ्याच्या आत; तर आपण पाय उंबऱ्याच्या बाहेर, सोप्याच्या पायरीशी, वहाणा काढतो तिथंच ठेवायचा. शेताला जाताना बाहेर बसून बांधायचा, आल्यावर बाहेरच सोडायचा. कावळ्याला दिलेला शब्दही राहिला आणि पेरणीही झाली. आईला मात्र यातलं अक्षर कळू देऊ नये. पाय बांधून शेतात उभा राहिलो की मग तिला सावकाश सांगू.

ता. क. तिसरा. दाजी, घोटाळा झाला. मला लिहिताना मोठ्यानं वाचत लिहायची खोड आहे, आणि आई दाराआड पेरणीचं भात निवडत बसली होती. तिनं पहिल्या नमस्कारापासून सगळं ऐकलंय. आत्ता बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बाहीर ठेवायचं मनूला सुचलं, मग मला सुचलं नसंल व्हय रं? कावळ्याला काय तरी द्याला लागतंय. घराचा उंबरा दिला. शेताला उंबरा कुठं हाय?" मग ती आत गेली आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी आणून माझ्यापुढं ठेवलं. माझं डावं पायताण. पलटणीत जाताना मी जोड घरी ठेवून गेलो होतो. आल्यावर उजवं घालून झिजवलं, डावं कुठं गेलं हे कधी विचारलंही नाही. दर अवसेला ती त्याला तेल लावत होती. चामडं लोण्यासारखं मऊ आहे. हे पायताण पत्राबरोबर येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवतोय, जपून ठेवा. आईचा निरोप तिच्याच शब्दांत लिहितो, ती समोर उभी राहून लिहून घेते आहे: "रवळूला सांग, पाय घेताना ह्यात बसतोय काय बघून घे. बसला न्हाय तर पाय तासून घे म्हनावं, पायताणाला हात लावायचा न्हाय."